तिघांचे मिळून एक काका

काका अडुसष्ट वर्षांचे आहेत. निवृत्त, विधुर, डाव्या गुडघ्याने जरा अधू, चहात साखर घेत नाहीत. मिश्या पांढऱ्याशुभ्र, आणि नजर अशी की समोरच्याला आपलं जुनं पाप आठवावं. हे सगळं मी छातीठोकपणे सांगू शकते, कारण काका म्हणजे मी आहे. एकटी नव्हे, आम्ही तिघं मिळून काका आहोत. मी तेवीस, दुसरी तेवीस आणि तिसरा बावीस. बेरीज करून पाहा, बरोबर अडुसष्ट होतात. काकांच्या अनुभवाला एवढाच काय तो आधार.

वेबसाइटवर ‘काकांना विचारा’ नावाचं सदर आहे. लोक आपली गाऱ्हाणी पाठवतात आणि काका उत्तर देतात. फोटोतला मिशीवाला माणूस कोण, कुठला, आम्हाला ठाऊक नाही. फोटो विकत घेतलेला आहे. त्याला तरी कुठे ठाऊक असणार, की तो रोज दहा जणांचे संसार सावरतोय!

मी इथे आले ते जाहिरात वाचून. ‘तरुण लेखक हवेत. मानधन मिळेल, अनुभवही मिळेल.’ मानधन खरंच मिळतं, वेळेवर मिळतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. अनुभवाचं मात्र उलटं झालं. तो मिळण्याआधीच आम्ही विकायला काढला. आमच्यातल्या तिसऱ्याला आम्ही झपाट्या म्हणतो. त्याचं लग्न नाही, ठरलेलं नाही, ठरेल अशी चिन्हंही नाहीत. पण दहा मिनिटांत तो कुठल्याही संसाराचा निकाल लावतो. दुसरी दातांच्या कॉलेजात शिकते. तिच्या प्रत्येक उत्तरात कुठून ना कुठून दात येतात, म्हणून ती दंतकथा. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असे तीन पाषाण ठरलेल्या दराने कामाला लागलेले.

कामाची पद्धत सोपी आहे. सकाळी दहाला पत्रं पडद्यावर येतात. प्रत्येक पत्रापुढे एक हिरवं बटण, ‘घेतलं’. जो आधी दाबेल, पत्र त्याचं. उत्तर लिहिलं की ते संपादकबाईंकडे जातं. त्यांना आम्ही हेडबाई म्हणतो. त्यांना आम्ही कधी पाहिलेलं नाही, फक्त फोनवर ऐकलंय, आणि तेवढं पुरतं. हेडबाईंची उत्तराची कृती ठरलेली आहे: गोंजारा, आठवा, ठणकावा. आधी पत्र लिहिणाऱ्याची पाठ थोपटायची, मग काकांच्या आयुष्यातली एखादी आठवण सांगायची, मग हुकूम सोडायचा. आठवणी एका वहीत नोंदवून ठेवाव्या लागतात. पूर्वी वही नव्हती. तेव्हा एकाच आठवड्यात झपाट्याने काकांची बायको तापाने मारली आणि दंतकथेने अपघातात. वाचकांनी दोनदा सांत्वन केलं. एका गृहस्थांनी नम्रपणे विचारलं, की यांतल्या थोरल्या कोणत्या?

हेडबाईंचा आणखी एक नियम आहे. ‘पत्र लिहिणारा आपला. ज्याच्याबद्दल लिहिलंय तो आपला नव्हे, कारण तो वाचत नसतो.’ आणि करारातला शेवटचा नियम असा, की काका कोण हे बाहेर फुटलं तर फोडणाऱ्याचं काम त्या दिवसापासून बंद. म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

आता आमच्या घरचं सांगते, कारण मार तिथेच बसला.

माझ्या बाबांनी चौतीस वर्षं लिफ्ट तपासल्या. इमारतीच्या माथ्यावरच्या यंत्राच्या खोलीत चढायचं, पोलादी दोरावरून हात फिरवायचा, खाली उतरून प्रमाणपत्रावर सही करायची आणि ते लिफ्टमध्ये काचेमागे लावायचं. त्यामुळे जगातल्या कुठल्याही गोष्टीखाली सही कुणाची, हे ते आधी बघतात. नाव नाही, तर काम झालेलंच नाही. गेल्या वर्षी मी पदवी घेऊन घरी बसले, म्हणजे त्यांच्या मते बसले, माझ्या मते लिहायला बसले, तेव्हा आमच्यात एक ठराव झाला. एक वर्ष. त्यात माझ्या नावाने छापून आलेलं काहीतरी त्यांना दाखवायचं. नाही जमलं, तर आत्याच्या लॅबमध्ये काउंटरवर बसायचं. लोकांकडून नमुन्यांच्या बाटल्या घ्यायच्या आणि त्यांवर नावाच्या चिठ्ठ्या चिकटवायच्या.

“तिथे निदान नाव तरी असतं,” बाबा म्हणाले. हा विनोद आहे हे त्यांना माहीत नव्हतं.

वर्षभरात मी दोनशेच्या वर उत्तरं लिहिली. त्या प्रत्येकाखाली नाव काकांचं. ठरलेली मुदत या महिन्याच्या अखेरीला संपत होती, आणि मला लॅबमध्ये जायचं नव्हतं. बाटल्यांची मला किळस नाही. पण मला लिहायचं होतं. एवढंच एक काम असं होतं, की ते करताना मी घड्याळाकडे बघत नव्हते.

आणि याच सुमारास बाबांना काका सापडले. निवृत्त माणूस, हातात फोन, दिवस मोठा, सापडायचेच. एके सकाळी चहाच्या वेळी ते म्हणाले, “माणूस काय स्पष्ट बोलतो बघ!” आणि त्यांनी एक उत्तर वाचून दाखवलं. मला ठसका लागला. उत्तर झपाट्याचं होतं, याचंच जास्त वाईट वाटलं.

त्यानंतर घरात काकांचं राज्य सुरू झालं. ‘बाबा, स्टुलावर चढून बल्ब बदलू नका,’ असं मी दोन वर्षं सांगत होते. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी काकांनी एका उत्तरात जाता जाता लिहिलं, की साठीनंतर माणसाने स्टूल घरात ठेवू नये. बाबांनी त्याच दिवशी स्टूल शेजाऱ्यांना देऊन टाकलं. मग मलाही चटक लागली. काकांनी मीठ कमी करायला सांगितलं, बाबांनी केलं. काकांनी बायकोचं बोलणं मधेच तोडू नये म्हणून सांगितलं, बाबा चार दिवस गप्प ऐकत बसले. आई घाबरली. मला बाजूला घेऊन म्हणाली, “यांना एकदा डॉक्टरला दाखवायचं का गं?”

पण उंटावरून शेळ्या हाकता हाकता शेळीनेच मला पत्र लिहिलं.

मंगळवार होता. दहा वाजले, पत्रं आली, आणि चौथ्या पत्राच्या पहिल्याच ओळीवर माझं बोट थबकलं. ‘मी निवृत्त लिफ्ट निरीक्षक.’ शेजारच्या खोलीत बाबा खोकले. मी बटण दाबलं आणि मग वाचलं.

‘आदरणीय काका, मी निवृत्त लिफ्ट निरीक्षक. माझी मुलगी वर्षभर खोलीत बसून लिहिते असं म्हणते. तिचं नाव असलेली एक ओळ मी अजून पाहिली नाही. ती वाईट लिहीत असेल असं मला वाटत नाही. पण चांगलं लिहिते का, हे विचारायची भीती वाटते. कधी दार उघडं असलं तर ती एकटीच हसताना दिसते. मी लिफ्ट तपासायचो. दोर किती झिजला ते हाताला कळतं. हे कसं तपासायचं ते मला कळत नाही. महिनाअखेरीला तिला नोकरीला लावायचं ठरलंय. लावू ना? आपला, एक वडील.’

तेवीस वर्षांत बाबा माझ्याबद्दल माझ्याशी इतकं कधी बोलले नव्हते. ते सगळं त्यांनी एका विकतच्या मिशीला सांगितलं होतं. मला रडू आलं, आणि रडता रडता रागही आला.

मग मी लिहायला घेतलं. काय लिहिलं असेल ते सांगायला नको. मुलीला वेळ द्या, आणखी वर्ष द्या, दोन द्या, प्रतिभेला महिनाअखेर नसते, वगैरे वगैरे. अर्ध्या तासात हेडबाईंचा फोन.

“हे काका आहेत की मुलीचे वकील?”

“बाई, मला वाटलं की...”

“तुला वाटायचं नाही, काकांना वाटायचंय. वडिलांनी ‘लावू ना’ असं विचारलंय. म्हणजे त्यांचं ठरलंय, त्यांना फक्त धीर हवाय. पत्र लिहिणारा आपला. मुलगी थोडीच वाचणारे? तासाभरात पुन्हा लिही, नाहीतर सोडून दे, दुसरं कुणी लिहील.”

दुसरं कुणी म्हणजे झपाट्या. पत्र सोडलं असतं, तर त्याने दहा ओळींत मला बाटल्यांपुढे नेऊन बसवलं असतं, आणि त्यांतल्या चार ओळी आधीच्या कुठल्यातरी उत्तरातून उचललेल्या असत्या. निकाल एकच लागणार होता. मग माझ्या बाबांना जाणारं उत्तर निदान नीट लिहिलेलं तरी असावं. याला माया म्हणा, गर्व म्हणा. मला अजून ठरवता आलेलं नाही.

गोंजारून झालं. आठवणीपाशी मी अडले. वही उघडली तर तिच्यात सगळं शिळं. मग मला बाबांचीच एक गोष्ट आठवली. मी दहा वर्षांची असताना, कपाटाला रंग देता देता त्यांनी सांगितलेली. लग्नाआधी ते वर्षभर दुकानांच्या पाट्या रंगवायचे. एक दिवस आजोबांनी हातातला ब्रश काढून घेतला आणि लिफ्टखात्याचा अर्ज पुढे ठेवला. बाबांनी एवढंच सांगितलं होतं, आणि पुढे कपाट रंगवलं होतं.

ती गोष्ट मी काकांना देऊन टाकली. खातं बदललं, बाकी तेच ठेवलं. आणि लिहिता लिहिता शेवटी एक वाक्य कुठूनसं आलं: ‘वडिलांचा मला फार राग आला. बऱ्याच वर्षांनी, ते गेल्यावर, त्यांच्या कपाटात मला तो ब्रश सापडला. त्यांनी तो धुऊन ठेवला होता.’ त्यापुढे हुकूम लिहायला वेळ लागला नाही. मुलीला कामाला लावा. ती रागावेल. रागावू द्या. तिचा ब्रश मात्र धुऊन ठेवा.

वाचून पाहिलं. वर्षभरात मी इतकं चांगलं काही लिहिलं नव्हतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ; पण दात छान बसले होते. हेडबाईंनी एक शब्द न बदलता ते पुढे धाडलं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते काकांचं सर्वांत जास्त वाचलं गेलेलं उत्तर ठरलं. झपाट्याचा निरोप आला, ‘ब्रश! रडलो यार.’

बुधवारी संध्याकाळी बाबांनी मला आणि आईला बोलावलं. चष्मा पुसून घेतला.

“कुणा एका वडिलांनी काकांना विचारलंय,” ते म्हणाले. “कोण कुठले, मला माहीत नाही. पण ऐका.”

“ऐकते,” मी म्हटलं. मलाही माहीत नव्हतं.

त्यांनी वाचायला सुरुवात केली. माझी वाक्यं बाबांच्या आवाजात मी पहिल्यांदाच ऐकत होते. ते स्वल्पविरामावर थांबत होते, मी जिथे थांबायला ठेवलं होतं तिथेच. ब्रशपाशी आल्यावर त्यांचा आवाज फुटला. त्यांनी फोन मांडीवर ठेवला आणि खिडकीकडे बघत म्हणाले, “माझ्या वडिलांनीही धुतला असेल. मला कधी सुचलंच नाही.”

आईने पदर डोळ्यांना लावला. मग बाबा माझ्याकडे वळले. रागाने नाही, अगदी मऊपणाने म्हणाले, “बाळा, लिहिणं म्हणजे हे. असं तुला लिहिता आलं असतं ना, तर मी चकार शब्द बोललो नसतो. एक तारखेपासून आत्याकडे जा.”

माझ्या तोंडून निघून गेलं. करार, हेडबाई, काम बंद, काही आठवलं नाही.

“बाबा, हे मीच लिहिलंय.”

“काय?”

“काका म्हणजे मी. मी आणि आणखी दोघं. हे मी लिहिलंय, काल दुपारी, त्या खोलीत बसून.”

मग त्यांचा चेहरा लाल झाला. त्या क्षणी त्यांच्या मनात काय चाललं असेल ते मला कळत होतं. हे खरं असेल तर त्यांचं पत्रही मीच वाचलेलं होतं. म्हणजे ते खरं नसलेलंच बरं.

“दुसऱ्याचं काम आपलं म्हणून सांगायचं?” ते हळूच म्हणाले.

“तो ब्रश तुमचा आहे, बाबा! कपाट रंगवताना तुम्हीच मला सांगितलं होतं. पाट्या, आजोबा, अर्ज, सगळं.”

“म्हणूनच तर मला ते काका पटतात. त्यांचंही माझ्यासारखंच झालंय. आणि ब्रश धुऊन ठेवल्याचं मी तुला कधी सांगितलं?”

“ते मी रचलं.”

“असलं रचता येत नाही गं. ज्याच्यावर गुजरलंय त्यालाच ते लिहिता येतं. तुझ्यावर काय गुजरलंय अजून?”

मी धावत जाऊन लॅपटॉप आणला आणि कालचं उत्तर उघडून त्यांच्यापुढे धरलं. चौतीस वर्षांच्या सवयीने त्यांची नजर थेट तळाला गेली. तिथे लिहिलं होतं, ‘लेखक: काका’. आमच्या तिघांच्याही पडद्यावर तेच दिसतं, चुकून दुसरं नाव पडू नये म्हणून.

“इथेही त्यांचंच नाव आहे,” बाबा म्हणाले, आणि उठून आत गेले. आई मला म्हणाली, “कशाला असं बोललीस? ते किती मानतात त्यांना.”

पुढचे दोन दिवस घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. आत्याने लॅबचा पांढरा कोट पाठवून दिला. तो मला दोन्ही खांद्यांवर मोठा होत होता. आई म्हणाली, शिवून घेऊ. मी म्हटलं, घे.

शनिवारी सव्वादहाला मी सवयीने पडद्यापुढे बसले. पत्रं आलेली होती. दुसऱ्याच पत्राची सुरुवात होती, ‘मी निवृत्त लिफ्ट निरीक्षक, याआधीही आपल्याला लिहिलं होतं.’ मी बटण दाबत होते, पण ते दबेना. पुढे अक्षरं आली: ‘दुसऱ्या लेखकाने घेतलं.’ मी झपाट्याला फोन लावला.

“ते दुसरं पत्र सोड.”

“का? मस्त पत्र आहे! पोरीला वेड लागलंय. बापाला सांगते, काका म्हणजे मीच. माझं लिहूनही झालं. तिला मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या, आणि तोवर इंटरनेट बंद करा.”

“झपाट्या, ते माझे बाबा आहेत.”

पलीकडे चाललेली कीबोर्डची टकटक थांबली. झपाट्याचा कीबोर्ड थांबलेला मी प्रथमच ऐकला.

“म्हणजे तू सांगून टाकलंस? हेडबाईंना कळलं तर?”

“कळणार नाही. कुणाचाच विश्वास बसलेला नाही.”

त्याने पत्र सोडलं. मी घेतलं, आणि मग पुढचं नीट वाचलं.

‘काका, आपल्या सांगण्याप्रमाणे मी मुलीला नोकरीचं सांगितलं. त्यावर ती म्हणाली, की आपलं उत्तर तिनेच लिहिलंय. माझी मुलगी लहानपणापासून कधी खोटं बोलली नाही. काच फोडली तरी स्वतः येऊन सांगायची. दोन दिवस मला झोप नाही. लिहिण्यासाठी जी खोटं बोलायलाही तयार झाली, तिला ते किती हवं असेल? दोर वरून बरा दिसतो आणि आत एकेक तार तुटत असते. तसं काही मी तिचं करत नाही ना? मी तिला आणखी एक वर्ष देऊ का? की खोटं बोलल्याबद्दल नको देऊ?’

मी जे लिहिलं त्याने त्यांना पटवलं होतं, की मला लिहिता येत नाही. मी जे खरं सांगितलं ते त्यांना खोटं वाटलं, आणि त्या खोट्यापायी ते विरघळले होते. आता त्यांना फक्त धीर हवा होता. आणि पत्र लिहिणारा आपला. या वेळी नियम माझ्या बाजूने होता. मला एवढंच करायचं होतं, की मी खोटारडी आहे हे काकांच्या तोंडून मान्य करायचं.

मी बोटं मोडली आणि लिहिलं:

‘तुमची मुलगी खोटं बोलली, यात शंका नाही. ते उत्तर मीच लिहिलं, माझ्या या टेबलाशी बसून. पण तुम्ही नीट वाचलंत, आणि माझं मागचं उत्तर घाईचं होतं. तिला एक वर्ष द्या. खोट्याबद्दल तिला रागवा, पण एकदाच.’

मधे गोंजारलं, आठवलं, सगळं केलं. हेडबाईंचा फोन आला. मला धडकी भरली.

“काकांनी चूक कबूल केली,” त्या म्हणाल्या. “वाचकांना फार आवडेल. मुलीची बाजूही छान ओळखलीस गं. तुला मुलगी कळते.”

“थोडीफार,” मी म्हटलं.

रविवारी सकाळी बाबा माझ्या दाराशी आले. दार उघडंच होतं, तरी त्यांनी टकटक केली. आत येऊन खुर्चीच्या कडेवर बसले, खोली नव्याने तपासायला आल्यासारखे इकडेतिकडे बघत राहिले. मग म्हणाले, “आत्याला मी कळवलंय. कोट परत पाठवू. आणखी एक वर्ष घे.”

“बाबा...”

“पण पुन्हा असं खोटं बोलायचं नाही. मोठ्या माणसाची मेहनत असते ती.”

त्यांच्या डोळ्यांखाली दोन दिवसांची जाग दिसत होती.

“नाही बोलणार,” मी म्हटलं.

त्यांना बरं वाटलं. मग त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि जरा संकोचाने माझ्यापुढे धरला. “काकांना आभाराचं पत्र लिहितोय. फोनवर टाकायच्या आधी कागदावर लिहून काढलं. तू लिहितेस ना, एकदा नजर टाक.”

जन्मात पहिल्यांदा बाबांनी मला काहीतरी तपासायला दिलं होतं. कागदावर त्यांचं सरळ, पाटीवर रंगवावं तसं अक्षर होतं. शेवटची ओळ होती: ‘माझ्या मुलीला आपल्या निम्मं जरी लिहिता आलं, तरी मी भरून पावलो.’

“छान आहे,” मी म्हटलं.

“ते ‘निम्मं’ फार होतं का गं?” त्यांनी काळजीने विचारलं. “उद्धटपणा वाटेल त्यांना. एवढा मोठा माणूस.”

मी पुन्हा ती ओळ वाचली.

“चतकोर लिहा, बाबा,” मी म्हटलं, आणि त्यांच्या हातात पेन दिलं.